विनाथांबा

भुजंगकाकांनी सीटमागच्या खिळ्यावरचा डबा काढला, ड्रायव्हरच्या खिडकीतून खाली धरला आणि म्हणाले, "घे पोरी. आजचा शेवटचा. उद्यापासून मुक्कामी बंद." लातूरच्या स्टँडवर तेव्हा सकाळची नेहमीची हाणामारी चालली होती. कुणी जागा धरायला खिडकीतून रुमाल टाकत होतं, कुणी लेकराला आत ढकलत होतं, आणि त्या सगळ्या गलक्यात लुंबिनीनं हात वर करून डबा घेतला. वाईट वाटायला हवं होतं. वाटला आनंद! कुणाच्या घरी माणूस गेल्याचं सांगत असावेत आणि आपल्याला नेमकं तेव्हाच हसू फुटावं, तसं तिला झालं. तिनं घाईघाईनं तोंड पाडलं. तोंड पाडणं तिला फार छान जमायचं, शाळेच्या नाटकात तिला त्यासाठीच घेत. "मग आता कसं हो काका?" ती म्हणाली. "कसं म्हणजे? रोड मोठा झाला, गाव बारीक झालं," भुजंगकाका म्हणाले. "गाड्या आता फोरलेननं सरळ. विनाथांबा. तगरवाडीत आत वळायला कुणाला येळ हाय? मला औरादच्या फेरीवर टाकलंय. तुज्या मायला काल सांगितलं. नुसती हातातल्या डब्याकडं बघून राहिली." लुंबिनी हुं हुं करत राहिली. डबा कोमट होता. तिनं तो छातीशी धरला, काकांना दिसेल असा, आणि गाडी फलाटावरून हलल्याबरोबर हात लांब केला, जसं दुसऱ्याचं शेंबडं पोर धरावं तसा.

मुक्कामी म्हणजे रात्री गावात येऊन झोपणारी आणि पहाटे गावाला उठवून निघणारी एसटी. निलंग्याच्या पुढं तगरवाडीत ती विहारासमोरच्या मोकळ्या जागेत झोपायची, ड्रायव्हर-कंडक्टर आतल्या बाकांवर पाय दुमडून, आणि पहाटे तिचं इंजिन खोकलं की गावातल्या चुली पेटायच्या. लातूरला शिकणाऱ्या पोरापोरींचे डबे घेऊन बाया गाडीपाशी जमायच्या. डब्यांवर ऑइलपेंटनं नावं. लुंबिनीच्या डब्यावर तिच्या मायनं, म्हणजे मनिषानं, स्वतःच्या हातानं नाव काढलं होतं, 'लुं' एवढा मोठा की 'बिनी'ला वळसा घालून पलीकडं जावं लागलं होतं. बाप आनंदराज पुण्याला एका कंपनीच्या गेटवर होता, तो जयंतीला यायचा. घरात मायलेकीच. दहावीला लुंबिनी तालुक्यात वर आली तेव्हा मनिषा एकच वाक्य बोलली होती, "हिला लातूरला टाकते." जसं पीठ गिरणीत टाकतात! आणि लातूर गिरणीच तर होती. डाळीच्या गिरण्या होत्याच, पण आता त्याहून मोठी पोरांची. ट्युशन एरियात सकाळी अशी गर्दी की वाटावं, अख्खा मराठवाडा पाठीवर दप्तर अडकवून डॉक्टर व्हायला निघालाय. ती लहान असताना एका उन्हाळ्यात या शहराला प्यायचं पाणी रेल्वेनं आलं होतं. मनिषा तेव्हा इथंच डाळमिलमध्ये निवडायच्या कामाला होती. त्या पाण्याला लोखंडाचा वास यायचा असं लुंबिनीला अजून आठवतं, आणि तांब्या तोंडाशी धरत माय म्हणाली होती, "शहराला सगळं भाईरूनच आणावं लागतं लुंबे. पाणी बी अन् पोरं बी."

बायोलॉजीचे उद्धव सर तेच टाय लावून सांगायचे. "रस्ता म्हणजे धमनी! फोरलेन आला, आता लातूर बघा कसं धडधडतं. रिंगरोडला जागा घेऊन ठेवा रे, बापाला सांगा!" पोरं टाळ्या वाजवायची. सरांनी घेऊन ठेवली होती, हे पोरांना माहीत होतं. लुंबिनी हल्ली वर्गात काहीही विचारायची, हात वर करून, उभी राहून, ठणठणीत आवाजात. पहिल्या वर्षी ज्या मुलीला स्वतःचं नाव सांगताना घाम फुटायचा तीच ही, यावर तिचा तिलाच विश्वास बसायचा नाही. पण एक प्रश्न तिनं विचारला नाही. सर, रक्त तर परतही जातं ना? मग इथून परत काय जातं? तिला उत्तर माहीत होतं. रिकामे डबे.

आणि तिचा डबा तर भरलेलाच रिकामा व्हायचा. सुरुवात अपूर्वामुळं झाली, असं लुंबिनी स्वतःला सांगायची. अपूर्वा तिची रूम पार्टनर, आई-बाबा दोघंही नांदेडला प्राध्यापक, केस असे सरळ की वाटावं तिनं ते पट्टीनं आखलेत. रूम सौदामिनीकाकूंच्या घरात वरच्या मजल्यावर, आणि काकूंची एकच अट: वरती काही वशाट, मटण-मासळी, आणायचं नाही. मनिषाला हे माहीत होतं, तरी एका पावसाळी सकाळी तिनं भाकरीच्या घडीत सुकटाची चटणी घातली, लेकीला आवडते म्हणून, चिमूटभर. झाकण उघडलं तशी अपूर्वा नाकाला ओढणी लावून म्हणाली, "काय गं, एसटीत काही मेलं होतं का?" सगळ्या पोरी हसल्या. सगळ्यात मोठ्यानं हसली लुंबिनी! इथंच ते घडलं. कुणी चाकू दाखवला नव्हता, कुणी जात विचारली नव्हती, अपूर्वा तर नंतर गळ्यात पडून सॉरीसुद्धा म्हणाली. पण लुंबिनीला स्वतःचं ते हसू ऐकू आलं, आणि ते तिला आवडलं. केवढं हलकं वाटलं हसून! त्याच आठवड्यात तिनं नांदेडच्या रविकांतमामाला फोन केला. मामा ऑफिसात साहेब होता, भाचीचं कौतुक त्याला. मेस लावून दे म्हणाली, आणि मायला सांगू नको, तिला वाईट वाटेल. "शहाणी गं माझी बाई," मामा म्हणाला. मेसमध्ये पांढऱ्या पोळ्या असायच्या, कागदासारख्या, कशाचाच वास नसलेल्या. लुंबिनी त्या चवीनं खायची.

मग रोज सकाळी स्टँडवर जायचं, डबा घ्यायचा आणि स्टँडच्या मागच्या भिंतीपाशी जायचं. तिथं एक तपकिरी कुत्री होती. तिला मनिषाच्या हातच्या भाकरीचा वेळ पाठ झाला होता. भाकरी, वरण, कधी पिठलं, कधी शेंगदाण्याची आमटी, सगळं त्या कुत्रीच्या अंगी लागत होतं; दिवाळीपर्यंत तिनं असं काही बाळसं धरलं की फळवाल्यानं तिला ढकलताना दोन्ही हात लावले. लुंबिनी ओतताना बघायची नाही. नळावर नजर ठेवायची. पहिल्या दिवशी रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आली घाई, दुसरं काही नाही. क्लासला उशीर होत होता. रूमवर येऊन ती सौदामिनीकाकूंच्या लिंबाच्या साबणानं डबा घासायची, कडा, झाकणाची रिंग, तळ, असा घासायची की त्यात तोंड दिसावं. आपल्या हातून पाप होतंय तर निदान स्वच्छ तरी व्हावं, असं काहीतरी. संध्याकाळी डबा परत त्याच गाडीनं.

म्हणून तर मुक्कामी बंद झाल्याचा तो आनंद! दोन दिवस ती शीळ घालत फिरली. काही कबूल करावं लागलं नाही, काही नाकारावं लागलं नाही. सरकारनं रस्ता बांधला आणि तिचं काम करून दिलं. अपूर्वाच्या स्कूटीवर मागं बसून ती रिंगरोडनं जाऊन आली, नव्या उड्डाणपुलाच्या माथ्यावरून शहराकडं बघत ओरडली, "हे सगळं माझं आहे!" अपूर्वा म्हणाली, "वेडी आहेस." वारा तोंडात भरत होता. आणि पुलाच्या खाली, जुन्या रस्त्यावर, हॉटेलं ओळीनं बंद दिसत होती, वाळत घातलेल्या कपड्यांसारखी रिकामी. लुंबिनीनं ती पाहिली आणि तिला काहीच वाटलं नाही. काही न वाटणं हीसुद्धा एक ताकद असते, हे तिला नव्यानंच कळत होतं.

तिसऱ्या सकाळी फोन आला. मनिषा म्हणाली, "बिदर गाडीला दिलाय. कर्नाटकाची, लाल. जाऊन घे." बस्स. लुंबिनी स्टँडवर गेली तर बिदर गाडीचा ड्रायव्हर, पांढऱ्या मिशांचा उमाशंकर, खालीच उभा होता. "तगो अम्मा, निन्न डब्बी," म्हणाला, आणि मग तिच्या चेहऱ्याकडं बघून मराठीत आला. "घे तुझा डबा. तुझी आईच ना ती? वेडी हाय काय? मी तीस वर्षं गाडी मारून राहिलो, असं कुणी थांबवलं न्हाई मला. फाट्यावर लोक कडेला उभं राहून हात करतेत, आपण न्हाई थांबत, विनाथांबा हाय. ही बाई रोडच्या मधोमध. हात बी करत न्हाई. डबा डोक्याच्या वर धरती अन् बघत राहती. न्हाई थांबलो तर तिच्यावरून जायचं." लुंबिनी म्हणाली, "सॉरी काका." "सॉरी मला कशाला? तिला सांग. मी दर येळी ब्रेक मारीन, मागचा ट्रकवाला मारील का?"

सांगायचं काय होतं? एक वाक्य. आई, रोडवर उभी राहू नको, मला मेस आहे. लातूरला आल्यापासून ती मायला आई म्हणायची, मनिषानं त्यालाही हरकत घेतली नव्हती. लुंबिनीनं फोन हातात घेतला. आणि तिच्या लक्षात आलं की या वाक्याचं दुसरं टोक धरून ओढलं तर मागून सगळंच येतं: मेस कधीपासून, मग डबा कुठं जातो, मग साबण, मग भिंत, मग कुत्री. फोन लागला. "मिळाला का?" मनिषानं विचारलं. "मिळाला." "कसा होता?" लुंबिनीच्या हातात डबा होता, झाकण न उघडलेला. "एकदम भारी," ती म्हणाली. पलीकडं ट्रक गेल्याचा आवाज आला, मग मनिषा म्हणाली, "बरं."

मग ते रोजचं झालं. माणसाला कशाचीही सवय होते, आणि हुशार माणसाला लवकर होते. वर्गात उद्धव सर हृदयाचे कप्पे काढायचे आणि लुंबिनीला फळ्यावर काळा रस्ता दिसायचा, मध्ये मायची बारीक आकृती, नऊवारी नव्हे, पाचवारी, निळ्या काठाची, पायात रबरी चप्पल, दोन्ही हात वर. मुक्कामी होती तेव्हा माय चुलीपासून गाडीपर्यंत चालायची. आता फाट्यापर्यंत शेताशेतानं यायचं, मग दोन रस्ते आणि मधला दुभाजक, आणि संध्याकाळी परत तेच, कारण रिकामा डबा घेऊन येणारी गाडी फक्त हळू व्हायची आणि कंडक्टर डबा खिडकीतून मायच्या पदरात टाकायचा. लुंबिनीला हे सगळं दिसायचं. दिसायचं आणि ती वहीत व्याख्या लिहायची. थंडी पडली तशी उमाशंकरकाका बोलायचे बंद झाले, नुसता डबा तिच्याकडं ढकलायचे. एकदाच म्हणाले, "आज धुकं होतं. फक्त डबा चमकला, बाई दिसलीच न्हाई." त्या दिवशी लुंबिनीनं ठरवलं, सांगायचं. मग आठवलं की आठवड्यानं टेस्ट आहे. टेस्ट झाली की सांगू. टेस्टचा निकाल चांगला लागला, मग आनंदात कशाला सांगा. एकदा तर, खरंच, भिंतीपाशी ओतताना तिच्या मनात आलं की एखाद्या दिवशी गाडी थांबली नाही तर हे आपोआप बंद होईल. हे मनात आलं तेव्हा तिला धक्का बसला. पण विचार परत गेला नाही, कोपऱ्यात बसून राहिला, पाहुण्यासारखा, चहाची वाट बघत.

रविवारी सकाळपासून मोठी टेस्ट होती. पोटात काही न घालता लुंबिनीनं ती दिली आणि डबा घ्यायला उशिरा स्टँडवर आली, तर बिदर गाडीच्या फलाटावर बाकावर मनिषा बसली होती. मांडीवर डबा. निळ्या काठाची तीच साडी, पण इस्त्रीची. लुंबिनीनं आधी मागं वळून पाहिलं, अपूर्वा कुठं आहे का. नव्हती. मग ती धावत गेली. "आई! तू कशी काय? सांगायचं की!" "बस," मनिषा म्हणाली. "लई उंच झालीस." लुंबिनी बसली. तिला एकदम इतकी भूक लागली की कान गरम झाले. डब्याच्या झाकणातून येतच होता तो वास, तव्यावर फुगलेल्या ज्वारीच्या भाकरीचा, आणि आतून, दबलेला, सुकटाचा. तिनं थुंकी गिळली.

"पावसाळ्यापासून टाकतीस ना?" मनिषानं विचारलं. आवाजात राग नव्हता, बाजारात भाव विचारावा तसं विचारलं. "काय?" "डबा गं." "कोण म्हणालं? मामा म्हणाला?" "म्हंजी मामाला बी ठाव हाय. बरं." मनिषा समोरच्या गाडीकडं बघत बोलत होती. "पोरगी जेवली तर डबा कसा येतो ठाव हाय का लुंबे? खरकटा. कडेला पिठलं वाळल्यालं, झाकणाला तेल. पयल्या वर्षी तसाच यायचा, म्या शिव्या देत घासायची अन् बरं वाटायचं. मग एकदम लखलखीत यायला लागला. लिंबाचा वास. भुकेलं लेकरू असं घासत न्हाई डबा."  लुंबिनीचा वर्गातला तो ठणठणीत आवाज कुठं गेला कुणास ठाऊक. शेवटी ती म्हणाली, आणि म्हणताना तिला स्वतःचा राग येत होता, "मग माहीत होतं तर पाठवलास कशाला? रोडवर उभी कशाला राहिलीस? मेली असतीस तर?" 

"त्याच्यासाठीच," मनिषा म्हणाली.

"कशासाठी?"

"तेवढं ऐकायसाठी. त्या ड्रायव्हरनं तुला सांगितलं, मला ठाव हाय, मीच त्याला म्हणले पोरीला सांगा. मला वाटलं आज फोन येईल. आई, मधी उभी राहू नको. डब्याचं काही बोलली नसतीस तरी चाललं असतं, खोटं बोलली असतीस तरी चाललं असतं. डबा खाल्ला का टाकला, मला काय करायचंय, माझी भाकर काय लई मोठी हाय का? तेवढं एक म्हणायचं होतं. रोज रोडवर जाताना म्हणायचे, आज म्हणंल. तू म्हणायचीस, भारी होता." 

आणि तिनं डबा उघडला. लुंबिनीला वाटलं, आता ती भाकरी मोडेल, घास पुढं करेल, आणि आपण रडत खाऊ, आणि सगळं धुऊन जाईल. तिनं ओंजळ थोडी पुढंसुद्धा केली. मनिषानं भाकरी मोडली आणि स्वतःच्या तोंडात घातली. सावकाश चावली. चटणीला बोट लावलं, चाटलं. दुसरा तुकडा. मधल्या कप्प्यातली आमटी प्याली, झाकण पुसून घेतलं, कांद्याला बुक्की मारून फोडलं. शेजारचा म्हातारा म्हणाला, "बाई, लेकीला तरी विचारा," तेव्हा मनिषा म्हणाली, "तिला मेस हाय." लुंबिनी आपल्या मायच्या जबड्याची हालचाल बघत बसली. तिला आतापर्यंत माहीत नव्हतं की माय जेवताना डोळे अर्धे मिटते; घरी तर माय नेहमी मागून जेवायची, चुलीकडं तोंड करून. शेवटचा तुकडा गेला. मनिषानं डबा पिशवीत टाकला आणि उठली. बिदर गाडी लागली होती, उमाशंकरकाका वर चढत होते.

"आई," लुंबिनी म्हणाली. "उभी राहू नको रोडवर." 

"आता कशाला राहीन?" मनिषा म्हणाली. हसली की काय कळलं नाही. "डबा कुणाला पाठवायचाय?" 

"मग फाट्यावर उतरशील कशी? ही थांबत नाही. काका, फाट्यावर थांबवाल ना?" उमाशंकरकाकांनी तिच्याकडं बघितलंही नाही. "पुढं टोलजवळ उतरते, तिथून मागं येते चालत," मनिषा म्हणाली. "मला येतो रोड पार करता. तू तुझं बघ." आणि वर चढून अगदी पुढच्या सीटवर, काचेजवळ बसली.

इंजिन सुरू झालं. लुंबिनीला काय झालं ते तिला नंतरही नीट सांगता आलं नसतं. ती गाडीच्या पुढं जाऊन उभी राहिली. मधोमध. दोन्ही हात तिनं वर केले, हातात काहीच नव्हतं. उमाशंकरकाकांनी हॉर्न मारला. "ए बाई, सरक!" कंडक्टर दारातून लोंबकळत ओरडला. "मरायचं हाय का?" फळवाला ओरडला, मागच्या निलंगा गाडीचा ड्रायव्हर ओरडला, दोन कॉलेजची पोरं मोबाईल काढून हसत उभी राहिली, म्हातारा बाकावरून उठून म्हणाला, "पोरी, बाजूला हो, बाजूला हो गं." हॉर्न पुन्हा. इंजिनाची ऊब तिच्या पोटाला लागत होती, आणि काचेच्या पलीकडं, एवढ्या जवळ की कपाळावरचं गोंदण दिसावं, मनिषा बसली होती आणि तिच्याकडं बघत होती. लुंबिनी थांबली. ती ऐकायला थांबली होती. अख्खं स्टँड तिला सरक म्हणत होतं. म्हणत नव्हती ती फक्त मनिषा. तिनं पिशवी मांडीवर सरळ केली आणि बघत राहिली, शांत, जशी कुणाकडं वेळच वेळ आहे तशी.

गाडी वीतभर पुढं आली. मग आणखी वीतभर.

शेवटी लुंबिनीच सरकली.